तुळईची विचारपूस

कागदाला आवाज असतो. कोरा कागद खडखडीत बोलतो, दमट कागद पुटपुटतो, आणि हाडाच्या पट्टीने घडी दाबली की एकदाच 'हं' म्हणून गप्प बसतो. त्या घरात सकाळी आठपासून हा हुंकार सुरू होई तो दिवस कलेपर्यंत चाले. पुढच्या खोलीत पुस्तकबांधणीचं दुकान होतं. दाबाचं यंत्र, कापायचं यंत्र, सरसाचं पातेलं, भिंतीशी पुठ्ठ्यांची चळत. मधली खोली जोडप्याची. मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या कोपऱ्यातून माळ्यावर जाणारी अकरा पायऱ्यांची उभी लाकडी शिडी.

दाराजवळच्या उजेडात सासू फर्मे घडायला बसे. छापखान्यातून येणारा मोठा ताव म्हणजे फर्मा. त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानं होतात. चौऱ्याहत्तर वर्षांची ही बाई पंचावन्न वर्षं तेच करत आली होती. गल्ली तिला 'घडीवाली' म्हणायची. तिने घातलेल्या घडीवर मोजपट्टी ठेवावी, तर पट्टीचाच संशय यावा. हात चालताना ओठही चालत:

पहिली गं घडी, कडेला कड लावी,
दुसरी गं घडी, डाव्याला उजवी दावी,
तिसरी गं घडी, पोटात पानं सोळा,
मायेच्या हाताने केला कागद गोळा.

त्या मंगळवारी सून शिलाईला बसली होती. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांचं मोठं काम होतं, महिनाअखेरीला द्यायचं. सासूकडचा गठ्ठा तिने ओढला, सुई टोचली आणि थांबली. घडी अर्धं बोट सरकली होती. दुसरा फर्मा पाहिला, तोही तसाच. तिसरा, चौथा, दहावा. सगळ्यांचा डावा कोपरा मोकळा, कुणी बोट सोडून दिलेल्या लेकरासारखा.

"आई, चष्मा कुठंय तुमचा?"

"नाकावर. तुझा कुठंय?" सासू हसली आणि पुन्हा गुणगुणायला लागली. पहिली घडी झाली, मग तिसरी. दुसरी ओळ आलीच नाही.

सुनेने मान वर केली. गाण्यातली एक ओळ चुकणं ही काय एवढी मोठी गोष्ट? पण लग्न होऊन या घरात आल्यापासून बावीस वर्षं तिने ही चारोळी ऐकली होती, आणि ती कधी तीन ओळींची झाली नव्हती.

दुपारी चहा दिला, तर सासूच्या डाव्या हातातला कप हळूहळू कलला. चहा घडलेल्या फर्म्यांवर सांडत राहिला आणि ती त्याच्याकडे पाहत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाच्या हातातून सांडत होता.

"अगं आई! आख्खा गठ्ठा गेला की!" मुलगा कापायच्या यंत्रावरून धावत आला. फडक्याने चहा टिपता टिपता बायकोला हळूच म्हणाला, "सुरू झालं वाटतं."

"काय सुरू झालं?"

"आजीचं झालं होतं तेच. तिच्या आधी तिच्या सासूचं. आमच्या घरच्या बायकांचं शेवटी शेवटी डोकं फिरतं. आहे ते आहे."

आमच्या नळाचं पाणी जरा जड आहे, असं सांगावं तसं तो सांगत होता.

*

त्या घरात एक रीत होती. लिहिलेली कुठेच नव्हती, म्हणूनच ती मोडायची कशी हे कुणाला कळत नव्हतं. मधली खोली जोडप्याची. जोडप्यातला पुरुष गेला, की महिन्याच्या आत बाईचं अंथरूण माळ्यावर जायचं आणि मुलासुनेचं मधल्या खोलीत यायचं. बाई गेली आणि पुरुष मागे राहिला, तर तो मात्र खालीच राही. त्याला गुडघे असतात. विधवेला गुडघे असतात हे त्या घराला चार पिढ्यांत सुचलं नव्हतं.

माळ्यावर कागदाच्या कात्रणांची पोती आणि एक हातभर खिडकी. शिडी जिथे संपते, नेमकी तिथे एक आडवी तुळई होती. चढताना मान खाली घालावी लागे. हातात पाण्याचं भांडं असलं, डोळ्यांवर झोप असली, की विसरायला होई, आणि ठक्कन आवाज येई. खालून कुणीतरी हसून विचारी, "काय, तुळईने केली का विचारपूस?" वरून उत्तर येई, "केली बाई, बरी आहे म्हटलं." घरातला विनोद होता तो. पुरुष माळ्यावर जातच नसत, त्यामुळे त्यांना तो फक्त ऐकून माहीत होता.

सासू गेली अकरा वर्षं रोज दोनदा, तीनदा ती शिडी चढत-उतरत होती.

*

पुढच्या दोन आठवड्यांत घरात जे आलं ते दबक्या पावलांनी आलं. डाव्या पायातली चप्पल गळून पडे आणि सासू तशीच चालत राही. सकाळी उठली की कपाळ धरून बसे. एखाद्या दिवशी नुसती झोप, जेवताना घास तोंडात तसाच; आणि दुसऱ्या दिवशी एकदम टवटवीत, "आज कोशिंबिरीत मीठ विसरलीस गं" म्हणून सुनेला चिडवणारी. त्या चांगल्या दिवसांनीच घात केला.

"बघितलंस?" मुलगा म्हणे. "काल मला ओळखलं नाही, आज मीठ बरोबर ओळखलं. अर्धं सोंग असतं हे."

गल्लीतले डॉक्टर सज्जन होते. सासूच्या हृदयाचे ठोके चुकत, म्हणून तीन वर्षांपासून रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांनीच सुरू केली होती. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बत्ती मारली आणि योग्य तोच प्रश्न विचारला.

"पडल्या होत्या का कुठे? डोक्यावर?"

"नाही हो," मुलगा म्हणाला.

"नाही," सून म्हणाली.

"पडेन कशाला?" सासू म्हणाली. "लहान आहे का मी?"

तिघंही खरं बोलत होती. डॉक्टरांनी उसासा टाकला. "वय आहे. जपा."

रविवारी नणंद आली. आईला पाहून तिचे डोळे भरले आणि जिभेची धार मात्र तशीच राहिली. त्याच दुपारी सगळे जेवायला बसले असताना सासू एका पायात चप्पल घालून गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि भिंतीला खांदा घासत उभी राहिली. शेजाऱ्यांनी हाताला धरून आणली.

"आता बास," नणंद म्हणाली. "शिडी काढून ठेवा. सकाळी आंघोळीपुरती लावायची, मग काढायची. आजीची नव्हती का काढली? तिच्याच भल्यासाठी."

"ताई, माणूस आहे ते," सून म्हणाली. "वर ठेवायला पोतं आहे का?"

"मग गाडीखाली गेली म्हणजे तू उत्तर देणार आहेस? पुस्तकं शिवायची सोडून हिच्या मागे धावणार आहेस दिवसभर?"

सून गप्प बसली. या गप्प बसण्याचा तिला पुढे फार पश्चात्ताप व्हायचा होता. कोपऱ्यात बसलेल्या सासूने 'आजीची शिडी' हे शब्द ऐकले मात्र, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि जेवली नाही.

सोमवारपासून सकाळी आंघोळ झाली, दिवसाचं जेवण वर गेलं, की शिडी भिंतीशी आडवी पडे. माळ्याचं चौकोनी तोंड स्वयंपाकघरावर काळं उघडं राहिलं. पहिले दोन दिवस वरून हाका आल्या. "अगं, डोकं दुखतंय गं... जरा वर ये गं..." सून कणीक मळता मळता थांबे, आणि पुढच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज येई, "कामं आहेत, लक्ष देऊ नकोस, सवय होईल."

तिसऱ्या दिवशी हाका कमी झाल्या. पाचव्या दिवशी थांबल्या.

"बघ, शांत झाली," नवरा म्हणाला.

सुनेने सुई थांबवून वर कान दिला. कागदसुद्धा घडी पडल्यावर असाच शांत होतो.

*

सहाव्या दिवशी दुपारी तिने कुणाला न विचारता शिडी लावली. एका हातात पातळ खिचडीची वाटी होती. नजर वाटीवर राहिली, मान खाली घालायची विसरली, आणि ठक्. डोळ्यांपुढे पांढरं झालं. वाटी कशीबशी सावरत ती वर आली आणि पोत्याला टेकून बसली.

अंथरुणातून बारीक खुदखुद ऐकू आली. सासूने अर्धे डोळे उघडले होते. तोंडाचा डावा कोपरा ओघळला होता, पण उजवा हसत होता.

"केली... विचारपूस?"

"केली," सून डोकं चोळत म्हणाली. आणि मग तिचा हात डोक्यावरच थबकला. "आई, तुमची कितीदा करते ही?"

"रोजचंच की. हल्ली... पाय उचलत नाही नीट. जास्तच करते."

"कधी जोरात लागलं होतं?"

सासू आठवत राहिली. शब्द लांबून, डोक्यावर ओझं घेतल्यासारखे येत होते. "मुलांच्या परीक्षा... ती प्रश्नपत्रिकांची पाकिटं नव्हती का केली आपण... तेव्हा. भोवळ आली होती. बसले होते जरा."

दोन महिने झाले होते त्याला.

"मग बोलला का नाहीत?"

"रक्त नाही आलं. मग... सांगायचं काय?"

सुनेने वर पाहिलं. खिडकीच्या तिरप्या उजेडात तुळई प्रथमच तिला नीट दिसली. सगळी तुळई धुळीने भुरकट होती. मधोमध एक जागा मात्र काळी, गुळगुळीत, चकाकणारी. तिने बोट लावलं. तेल. डोक्याला लावायचं तेल, वर्षांवर वर्षं मुरलेलं. सासूचं, सासूच्या सासूचं, तिच्याही आधीच्या बाईचं. उभी राहून तिने अंदाज घेतला. तिचा स्वतःचा भांग त्या डागाला बरोबर टेकत होता.

घरच्या बायकांचं डोकं कशाने फिरतं, ते तिथे लाकडावर लिहिलेलं होतं.

ती धडाधड खाली उतरली. "अहो, गाडी बोलवा. आईंना मोठ्या इस्पितळात न्यायचंय. डोक्याला मार लागलाय."

"डॉक्टरांनी विचारलं होतं की! पडली नाही ती."

"पडल्या का, असं विचारलं होतं. लागलं का, असं कुठे विचारलं? तुळई लागते त्यांना. रोज लागते."

"तुळई काय, सगळ्यांना लागते."

"तुम्हाला लागलीय कधी?"

नवरा चिडून म्हणाला, "उद्या माल द्यायचाय. परवा बघू."

सुनेने सुईतला दोरा ओढून काढला, सुई उशीला टोचली आणि अर्धवट शिवलेलं पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं. "मग शिवा तुम्हीच. मी निघाले." ती शिडी चढली. या वेळी मान खाली घातली. खाली आली ती सासूला ओढणीने पाठीशी बांधून, एकेक पायरी चाचपत. अर्ध्यात आल्यावर शिडी हलायची थांबली. खाली नवऱ्याने ती दोन्ही हातांनी धरली होती.

*

सीटी स्कॅनच्या खोलीत गार हवा होती. मोठ्या पांढऱ्या कड्यात सासूचं डोकं गेलं आणि पाच मिनिटांत बाहेर आलं. चार पिढ्या घरात जे कुणी पाहिलं नव्हतं, ते पाहायला तेवढाच वेळ लागला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पडद्यावर करड्या रंगाचं डोकं उमटलं होतं. कवटीच्या आत, उजव्या बाजूला, मेंदूला लगटून एक चंद्रकोर.

"हे साचलेलं रक्त. कवटी आणि मेंदूच्या मधे. वय झालं की मेंदू जरा आकसतो. कवटी तेवढीच राहते."

"म्हणजे जिल्द मोठी आणि पानं कमी," सून म्हणाली. "पुस्तक आत खुळखुळतं. मग शिवणीचा दोरा ताणतो."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे चमकून पाहिलं. "अगदी तसंच. ते दोरे म्हणजे बारीक शिरा. ताणलेल्या असताना साधा टोलाही पुरतो. रक्त थेंबाथेंबाने झिरपतं, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असली की लवकर थांबत नाही. त्रास दिसायला कित्येक आठवडे जातात. तोवर टोला कुणाच्या लक्षातही नसतो. मग अंगात अशक्तपणा, झोप, विसरभोळेपणा. घरचे म्हणतात, म्हातारपण."

नवऱ्याने खाली पाहिलं.

"आणखी एक." त्यांचा आवाज बदलला. त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं. "हे काळपट दिसतंय ते जुनं रक्त. हे तळाशी पांढरट, ते अगदी अलीकडचं. मधे पडदे धरलेत. म्हणजे एकदा नाही, पुन्हा पुन्हा लागलंय. मला खरं सांगा. घरात कुणी मारतं का यांना?"



"मारतो ना," सून म्हणाली. "आम्ही सगळेच मारतो. हात न लावता."

ऑपरेशनचा कागद समोर आला तेव्हा नवरा मागे सरला. "या वयात डोक्याला भोकं पाडायची? नको. घरी नेतो. शांतपणे जाऊ दे तिला."

"दोन लहान भोकं, आणि एक नळी. यातून बरे होणारे पुष्कळ असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हमी मी देणार नाही. पण घरी नेलंत तर झोप वाढत जाईल आणि एक दिवस उतरणार नाही. ही मधली रेघ बघा. सरळ असायला हवी."

नवरा पुढे झाला. आयुष्यभर त्याने एकच गोष्ट डोळ्यांनी तोलली होती. मेंदूच्या मधोमधची ती रेघ डावीकडे झुकली होती, अर्धं बोट.

"कणा सरकलाय," तो पुटपुटला. पुस्तक असतं तर त्याने ते तसंच गिऱ्हाइकाच्या हाती दिलं नसतं. त्याने पेन घेतलं. सही वाकडी आली.

*

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सासूने विचारलं, "इतिहास गेला का वेळेवर?"

"नाही गेला," सून रडत रडत हसली. "चार दिवस उशीर."

दोन आठवड्यांनी तिला घरी आणलं. डाव्या पायात चप्पल राहत होती. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं: रक्त पुन्हा साचू शकतं, महिन्याने पुन्हा फोटो काढायचा, गोळी कधी सुरू करायची ते आम्ही सांगू, आणि डोक्याला टोला अजिबात नको.

नणंद आली होती. मधल्या खोलीतल्या पलंगावर आई दिसताच तिचं तोंड उघडंच राहिलं. "आणि तुम्ही दोघं?"

"आम्ही दुकानात झोपतो. पुठ्ठ्यांशेजारी," सून म्हणाली.

"अगं, लोक काय म्हणतील? नवराबायकोची खोली ती! हवं तर तुळईला गादी बांधा, कठडा लावा..."

"मीही तेच म्हणत होतो," नवरा चाचरत म्हणाला. "जाड गादी बांधली तर..."

सून उठून दोघांसमोर उभी राहिली. आवाज चढला नाही. "कशालाही गादी बांधायची नाही. आई वर जाणार नाहीत. आणि आजच सांगून ठेवते, तुमच्या माघारी मी राहिले तर मीही जाणार नाही. माझा भांग त्या डागाला टेकतो. मी मोजून आलेय."

पलंगावरून आवाज आला.

"मला वर जाऊ दे गं."

"आई!"

"माझी जागा तिथेच आहे." सासू छताकडे पाहत होती. टाळूवरच्या टाक्यांभोवती पांढरे केस खुरटे उगवले होते. "माझ्या सासूची शिडी कुणी काढली होती, ठाऊक आहे? मी. माझ्या या हातांनी. एकवीस दिवस. डोकं दुखतंय म्हणून ओरडायच्या, आणि मी खाली बसून फर्मे घडत होते. गाणं मोठ्याने म्हणायची, हाक ऐकू येऊ नये म्हणून. बाविसाव्या दिवशी गाणं थांबवलं. वर काहीच आवाज नव्हता."

नणंदेने पदर तोंडाला लावला. सासूने सुनेचा हात घट्ट धरला, डाव्या हाताने. त्या हातात अजून जोर कमी होता.

"त्या वेड्या नव्हत्या गं. दुखत होतं त्यांना."

*

शिडी नवऱ्याने कापली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी करवतीचा आवाज आला तेव्हा सून धावत गेली. तो घामाघूम होऊन एकेक पायरी वेगळी करत होता. कपाळावर टेंगूळ होतं. "जाऊन आलो वर," एवढंच म्हणाला. अकरा फळ्यांपैकी नऊ दाबाच्या यंत्रात पुस्तकांवर ठेवायला लागल्या. दोन झिजल्या होत्या, पावलांनी. त्या त्याने जपून ठेवल्या.

सासू आता दाराजवळ तासभर बसते. डावा कोपरा अजून कधी कधी केसभर सुटतो. सून तो दुरुस्त करत नाही, तसाच शिवते. गाण्यातली दुसरी ओळ परत आली आहे. पण तिच्यापाशी आली की सासूचा आवाज बारीक होतो आणि ती मान वळवून स्वयंपाकघराकडे ऐकत राहते, जणू कुणी हाक मारेल. महिन्याचा फोटो व्हायचा आहे. चंद्रकोर पुन्हा भरेल की विरेल, हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

माळा रिकामा आहे. तुळईवरचा डाग कुणी पुसलेला नाही, तो पुसण्यासारखाही नाही. खाली उभं राहून कितीही मान उंच केली तरी तो दिसत नाही. त्यासाठी शिडी लावून, हातात पाण्याचं भांडं घेऊन, एकदा स्वतः वर जावं लागतं.